पहिली ऑर्डर कोण देणार?

नाशिकमध्ये स्टार्टअपची पिच स्पर्धा, म्हणजे नव्या धंद्याची कल्पना परीक्षकांपुढे मांडण्याची स्पर्धा, भरवणं आता अवघड राहिलेलं नाही. इंजिनिअरिंग कॉलेजचं सभागृह मिळतं, फ्लेक्स एका रात्रीत छापून होतो, मुंबईहून आलेले दोन गुंतवणूकदार संध्याकाळी परत जाऊ शकतात. विजेत्यांच्या हातात तीन फुटी चेक येतो, फोटो निघतो, आभारप्रदर्शन होतं. खरी परीक्षा पुढच्या सोमवारी असते. त्या दिवशी विजेत्या टीमला फोन कोणाचा येतो? बहुतेकदा कोणाचाच नाही. आलाच तर दुसऱ्या स्पर्धेच्या आयोजकांचा. चार ठिकाणी बक्षीस घेतलेल्या, कपाटभर स्मृतिचिन्हं जमवलेल्या आणि एकही बिल न फाडलेल्या टीम प्रत्येक शहरात सापडतात.

याला पोरांचा आळस जबाबदार आहे असं मला वाटत नाही. स्पर्धेची आखणीच गुंतवणूकदाराला समोर ठेवून झालेली असते, आणि गुंतवणूकदार ही काही नाशिकची जमेची बाजू नव्हे. इथे मुबलक आहे ते गिऱ्हाईक. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने गल्लोगल्ली आहेत. महिंद्रा, बॉश, सिएट सातपुरात, ओझरला एचएएल, गोंदे आणि सिन्नरला वेगळाच पसारा. दिंडोरी-निफाडला द्राक्षबागा, लासलगाव-पिंपळगावला कांदा, मोहाडीला सह्याद्रीसारखी हजारो शेतकऱ्यांना जोडणारी उत्पादक कंपनी. ज्याला काही विकायचंय त्यानं अर्ध्या तासाच्या अंतरावर खरेदी अधिकारी, बागायतदार आणि व्यापारी गाठावेत, अशी सोय फार थोड्या शहरांत आहे. तरीही परीक्षकांच्या खुर्च्यांवर ही माणसं दिसत नाहीत. ती असलीच तर प्रमुख पाहुणे म्हणून, दीपप्रज्वलनापुरती.

म्हणून स्पर्धा शेवटाकडून आखायला घ्यावी. आधी बक्षीस ठरवायचं, आणि ते रोख नको. राज्य सरकारच्या स्टार्टअप सप्ताहात हीच कल्पना २०१८ पासून राबवली गेली: निवडलेल्या २४ स्टार्टअपना चेकऐवजी सरकारी खात्यांकडून १५ लाखांपर्यंतच्या कामाचे आदेश. गावपातळीवर एवढी रक्कम नसेल, पण तत्त्व तेच ठेवता येतं. अर्ज मागवण्याआधी दोन महिने आयोजकांनी पाच-सहा कारखानदार आणि तीन-चार बागायतदार गाठावेत आणि प्रत्येकाकडून एक अडचण व एक वचन घ्यावं. अडचण नेमकी हवी. 'आम्हाला ऑटोमेशन हवंय' याला अडचण म्हणत नाहीत. 'डाय-कास्टिंगच्या भागावरची बारीक छिद्रं पॅकिंगपर्यंत कळत नाहीत आणि महिन्याला दोन लॉट परत येतात' ही अडचण झाली. वचन एका पानावर लिहून सही घ्यायची: चाचणी कोणत्या लाईनवर किंवा कोणत्या प्लॉटवर होईल, किती दिवस चालेल, कारखान्यातला कोण माणूस मोजमाप करेल, कोणता आकडा आला की चाचणी यशस्वी धरायची, माहितीवर हक्क कोणाचा, आणि यशस्वी झाली तर किती नगांची ऑर्डर कोणत्या दरानं. शेवटच्या कलमावर लोक अडखळतात. अडखळू द्यावं, सही न करणारा माणूस तीन महिन्यांनी फोन उचलणार नाही, हे आत्ताच कळलेलं बरं.

चाचणी फुकट ठेवू नये. दहा हजार रुपये का होईना, कंपनीनं द्यावेत. रक्कम गौण आहे, पण पैसे निघाले की कागद खरेदी विभागातून जातो, व्हेंडर कोड (पुरवठादाराचा नोंदणी क्रमांक) तयार होतो, कोणाच्या तरी नावावर ते काम पडतं. फुकटच्या चाचणीला कारखान्यात वाली नसतो. प्रॉडक्शनचा दाब वाढला की सर्वात आधी चाचणीचं यंत्रच काढून कोपऱ्यात ठेवलं जातं.

आता स्पर्धेचा दिवस. इथे गणित साधं आहे आणि तरी दरवर्षी चुकतं. एका टीमला पाच मिनिटं सादरीकरण, सात मिनिटं प्रश्न, दोन मिनिटं लॅपटॉप बदलायला: चौदा मिनिटं. दहा टीम म्हणजे १४० मिनिटं, मधल्या चहासकट पावणेतीन तास. हे झेपतं. वीस टीम घेतल्या की २८० मिनिटं होतात, त्यात पाऊण तास सत्कार, शाल, श्रीफळ आणि मनोगतं. मग पंधराव्या टीमच्या वेळी परीक्षक मोबाइल बघत असतात आणि अठराव्या टीमला 'तीन मिनिटांत आटपा' असं सांगितलं जातं. त्या अठराव्या टीमनं सहा महिने काम केलेलं असतं. मंचावर दहाच टीम आणायच्या, सत्कार शेवटी ठेवायचे, आणि बाकीच्यांची चाळणी आधी घरी बसून करायची.

चाळणी म्हणजे टक्केवारी लावणं नव्हे. ऐंशी अर्ज आले तर प्रत्येक अर्ज दोघांनी स्वतंत्र वाचायचा, पंधरा मिनिटं प्रत्येकी. म्हणजे एकूण चाळीस तासांचं वाचन. चार माणसांत वाटलं तर प्रत्येकी दहा तास, दोन रविवार. त्यातून पंचवीस जणांना फोन करायचा आणि एकच गोष्ट विचारायची: ही वस्तू ज्याच्यासाठी आहे अशा किती जणांशी बोललात, आणि त्यातला 'नको' म्हणणारा काय म्हणाला? होकार सगळ्यांनाच मिळतात, मराठी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. नकार सांगता येतो तो प्रत्यक्ष फिरलेल्यालाच.

गुणपत्रिकेबद्दल थोडं सविस्तर, कारण भांडणं तिथेच होतात. नावीन्य, बाजारपेठ, टीम, सादरीकरण, सामाजिक परिणाम असे पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण, ही पद्धत सर्रास दिसते. परिणाम असा की सगळे परीक्षक सहा ते आठच्या मध्ये घोटाळतात, बेरजा ३३ ते ३८ च्या दरम्यान येतात आणि निकाल ठरतो एका सढळ किंवा एका कंजूष परीक्षकावर. जो परीक्षक ४ ते ९ असे गुण देतो त्याचं मत बाकी चौघांवर मात करतं, कारण त्याचे आकडे जास्त पसरलेले असतात. उपाय सोपा: गुणांची बेरीज करू नका, प्रत्येक परीक्षकाकडून क्रम घ्या, पहिला ते दहावा, आणि क्रमांची बेरीज करा. सर्वात कमी बेरीज तो विजेता. पहिल्या टीमला परीक्षक हात राखून गुण देतात, म्हणून सुरुवातीला स्पर्धेबाहेरचं एक सादरीकरण ठेवून त्यावर सगळ्यांनी गुण देऊन बघावेत. टीम मंचावर कोणत्या क्रमानं येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवावं. ज्या परीक्षकानं एखाद्या टीमला मार्गदर्शन केलंय त्यानं त्या टीमच्या वेळी पेन खाली ठेवावं. मग सगळ्याच टीमची तुलना क्रमांच्या सरासरीवर करायची, बेरजेवर नव्हे, आणि त्या टीमची सरासरी उरलेल्या परीक्षकांच्याच क्रमांची. नाहीतर एक परीक्षक कमी असल्याचा तिला फायदाच होतो.

आणि परीक्षक कोण? पाचांत एक खरेदी विभागातला, एक बागायतदार किंवा शेतकरी कंपनीतला, एक बँकेचं कर्ज मंजूर केलेला किंवा सीए, एक स्वतःचा धंदा बंद करावा लागलेला, आणि चालत असेल तर एक गुंतवणूकदार. धंदा बंद केलेल्याला बोलवायला लोक कचरतात. प्रत्यक्षात सर्वात कामाचे प्रश्न तोच विचारतो.

सादरीकरण मराठीत करायची मुभा असावी, आणि ती मुभा कागदावरच राहू नये. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी चालतील, बोलणं ज्या भाषेत गिऱ्हाईकाशी बोलणार त्या भाषेत. पाच मिनिटांत सावकाश, समजेल असं बोललं तर साडेपाचशे-सहाशे शब्द होतात, त्याहून जास्त नाही. त्यातले पहिले शंभर अडचणीसाठी, पुढचे दोनशे वस्तू चालते कशी ते दाखवण्यासाठी, उरलेले पैशांसाठी. दहा स्लाइड पुरेशा आहेत, आणि वस्तू हातात असेल तर पाचही पुरतात.

दाखवण्याचं महत्त्व नाशिककरांना वेगळं सांगायला नको. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१२ मध्ये सिनेमासाठी भांडवल हवं होतं. सिनेमा काढता येतो हे त्यांनी कोणाला भाषण देऊन पटवलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची रोज थोडी थोडी चित्रं घेतली, आणि बीचं भराभर रोप होताना पडद्यावर दाखवलं. ते बघून पैसे देणारे पुढे आले. आजच्या भाषेत तो चालता नमुना होता, आणि तोही कमीत कमी खर्चाचा.

पैशांच्या स्लाइडवर मात्र बहुतेक टीम घसरतात. 'देशात चौदा कोटींहून जास्त शेतजमीनधारक आहेत, त्यातले एक टक्का जरी धरले...' हे वाक्य आलं की खरेदी करणारा माणूस ऐकणं थांबवतो. त्याऐवजी खालून मोजावं: एक माणूस दिवसाला किती बागा फिरू शकतो, चारात एक होकार धरला तर महिन्याला किती नग, त्याला मोटारसायकल आणि पगार किती. नगाचा हिशेबही तसाच. समजा बागेतल्या पानांचा ओलावा मोजणारं यंत्र १८,००० रुपयांना विकायचं आहे. टीम सांगते, सुटे भाग ९,५०० चे, म्हणजे नफा साडेआठ हजार. आता जोडणी आणि तपासणीचे १,५००, बागेत जाऊन बसवायचे १,२००, वर्षभरात बिघडणाऱ्या यंत्रांची बदली धरून प्रत्येक नगामागे १,४००, आणि कृषी सेवा केंद्रवाल्याचं पंधरा टक्के कमिशन म्हणजे २,७०० टाका. खर्च १६,३०० झाला, हातात १,७०० उरले. वर १८ टक्के जीएसटी धरला तर शेतकऱ्याला ते २१,२४० ला पडतं, आणि त्या कराची वजावट त्याला मिळत नाही. हा हिशेब मंचावर यायच्या आधी झालेला असला तर किंमत बदलता येते, भाड्यानं देण्याचा विचार करता येतो. नंतर कळला तर पन्नास यंत्रं विकून टीम दमते आणि कुठे काय चुकलं ते तिला कळत नाही.

चाचण्या फसतात त्या ठरलेल्या जागी. बागेतल्या यंत्रावर बोर्डो मिश्रणाची फवारणी होते, चुन्या-मोरचुदाचा थर सेन्सरवर आणि सोलर पॅनलवर बसतो, पान कोरडं असताना ओलं दाखवलं जातं आणि डाऊनी या बुरशीच्या रोगाची खोटी सूचना जाते. दोन खोट्या सूचनांनंतर शेतकरी ॲप उघडत नाही. पुसण्याचं वेळापत्रक आणि ते कोण करणार हे चाचणीच्या पानावरच लिहावं लागतं. कारखान्यात कॅमेऱ्यानं तपासणी करणाऱ्या टीमचं वेगळंच. प्रयोगशाळेत ९८ टक्के अचूकता भारी वाटते. पण शिफ्टला दोन हजार नग निघत असतील आणि त्यातले दोन टक्के चांगले नग चुकून बाद ठरले, तर दर शिफ्टला चाळीस चांगले भाग बाजूला पडतात. ते पुन्हा हातानं तपासायला माणूस लागतो; चौथ्या दिवशी ऑपरेटर बटण बंद करतो. शिवाय भागावरचं तेल, वरच्या ट्यूबलाइटचा उजेड, दुपारी शटरमधून येणारं ऊन. त्यामुळे चाचणीआधी त्याच लाईनवरचे, तेलकट अवस्थेतले, शंभर चांगले आणि शंभर बाद नग टीमला द्यायची जबाबदारी कारखान्याची. कांद्याच्या चाळीत सड ओळखणाऱ्या यंत्राची चाचणी तर दोन चाळींशिवाय होऊच शकत नाही: शेतकरी एकच, कांदा एकाच वावरातला, एका चाळीत यंत्र, दुसरीत नाही, आणि भरताना व काढताना दोन्हीकडे वजन. एकाच चाळीवरून 'नुकसान निम्म्यावर आलं' म्हणणाऱ्यावर लासलगावचा व्यापारी हसेल.

नमुना बनवण्याच्या खर्चाबाबत एक सूचना. पहिल्या दोनशे नगांसाठी पोलादी मोल्ड करू नये. आधी थ्रीडी प्रिंटवर पाच-दहा, मग सिलिकॉन मोल्डमध्ये किंवा पत्रा कापून-वाकवून पुढचे, आणि डबीचा आकार तीन महिने बदलला नाही की मगच मोल्डचा विचार. सातपूर-अंबडला लेझर कटिंग, व्हीएमसी मशीनवरचं धातूकाम, पावडर कोटिंग सगळं जॉबवर, म्हणजे बाहेरच्यांसाठी मजुरीनं, होतं, पण पाच नगांचं काम कोणी आनंदानं घेत नाही. कारखान्यांची साचे-हत्यारं बनवणाऱ्या टूलरूममधून निवृत्त झालेली माणसं इथे सोन्यासारखी आहेत. काम करताना भाग पकडून ठेवणारा एखादा फिक्स्चर कसा असावा हे ती दहा मिनिटांत सांगतात, आणि त्यांच्या ओळखीनं ते पाच नगही होऊन जातात. अशा वीस जणांची यादी हातात असणं कुठल्याही बक्षिसाहून मोलाचं.

ऑर्डर मिळाल्यावर दुसरा फास सुरू होतो, पैशांच्या फिरतीचा. पाच लाखांचं बिल केलं की ९०,००० रुपये जीएसटी लागतो. तीन लाखांचा माल घेतला असेल तर ५४,००० ची वजावट मिळते, उरलेले ३६,००० दरमहा विवरण भरणाऱ्यानं पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचे, गिऱ्हाईकानं पैसे दिले असोत वा नसोत. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि २०२३-२४ पासून उशीर करणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते. पण हे संरक्षण उद्यम नोंदणी (लघुउद्योगांसाठीची सरकारी नोंदणी) असलेल्यालाच, आणि तो नोंदणी क्रमांक बिलावर छापलेला बरा. तक्रार करता येते. तक्रार केली की गिऱ्हाईक जातं, हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे आगाऊ तीस-चाळीस टक्के मागायची सवय पहिल्याच ऑर्डरपासून लावावी.

याउलट कंपनी नोंदवायची घाई नको. स्पर्धेच्या अर्जात 'प्रायव्हेट लिमिटेड असल्यास प्राधान्य' असं लिहून आयोजक पोरांचं नुकसान करतात. उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट आणि विवरणपत्रं लागतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये. २०२१ मध्ये आलेल्या केंद्राच्या सीड फंड योजनेत नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद होती, पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नव्हती. प्रमाणपत्राच्या हौसेनं कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला नोंदणी केलेली टीम वस्तू तयार होईपर्यंत त्यातून बाद झालेली असायची.

वेळापत्रकाचाही विचार इथल्या मातीतून करावा लागतो. कॉलेजांना फेब्रुवारी-मार्च सोयीचा वाटतो. तेव्हा द्राक्षाचा तोडा चालू असतो, बागायतदाराला डोकं वर काढायला फुरसत नाही. वर जूनपर्यंत शेवटच्या वर्षाची मुलं नोकरीला लागून टीम फुटते. अर्ज जूनमध्ये, अंतिम फेरी ऑगस्टमध्ये ठेवली तर द्राक्षाच्या गोडी बहाराची, म्हणजे फळ धरण्याच्या हंगामाची, ऑक्टोबर छाटणी समोर असते. छाटणीपासून काढणीपर्यंत पूर्ण हंगाम चाचणीला मिळतो. हा हंगाम हुकला की पुढचा बारा महिन्यांनी. कारखान्यांच्या बाबतीत तेवढं कडक नाही, फक्त एमआयडीसीची साप्ताहिक सुटी रविवारीच असते असं गृहीत धरू नये.

सिंहस्थाबद्दलही बोललं पाहिजे, कारण २०२७ जवळ येतंय तशी 'कुंभटेक'ची भाषा वाढणार. २०१५च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, मूळचे नाशिकचे, यांच्या पुढाकारानं कुंभमेळ्यातल्या अडचणींवर उपाय शोधणारं कुंभथॉन झालं, गर्दीची पावलं मोजणाऱ्या चटईसारख्या गोष्टी त्यातून पुढे आल्या. टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे सामाजिक अडचणींवर काम करणारं केंद्रही नाशिकमध्ये उभं राहिलं. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की अडचणी शहरानं पुरवल्या होत्या. धोका मात्र उघड आहे: बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या गिऱ्हाईकावर धंदा चालत नाही. म्हणून गर्दीसाठी काही बनवणाऱ्यानं ते आधी त्र्यंबकच्या श्रावणी सोमवारी, निवृत्तिनाथांच्या पौषातल्या यात्रेत, वणीच्या गडावर चैत्रात आणि नवरात्रात चालवून दाखवावं. तिथे दरवर्षी गर्दी असते, आणि तिथे जे टिकतं त्याला पंढरपूरपासून कोल्हापूरपर्यंत गिऱ्हाईक मिळू शकतं.

समुदाय हा शब्द मी आतापर्यंत टाळला, कारण तो स्पर्धेतून तयार होत नाही. तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, न चुकता भेटण्यातून होतो. मे महिन्यात गोदाघाटावरच्या यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते, तिला कोणी 'इकोसिस्टम' म्हणत नाही. संध्याकाळ झाली की लोक येऊन बसतात. उद्योजकांच्या भेटीलाही तसा ठरलेला वार हवा. महिन्यातून एकदा, दोन तास, पंचवीस-तीस माणसं, मंच नको, माइक नको. पहिला अर्धा तास एकानं आपलं अर्धवट काम दाखवायचं. पुढचा तासभर प्रत्येकानं एकच मागणी मांडायची: मला अंबडमधल्या पावडर कोटिंगवाल्याची ओळख हवी, मला दोन एकर थॉमसन द्राक्षाची बाग चाचणीला हवी. ज्याला जमेल त्यानं हात वर करायचा आणि वहीत दोघांची नावं, तारीख लिहायची. पुढच्या महिन्याची सुरुवात त्या वहीपासून: कोणाचं झालं, कोणाचं राहिलं. चौथ्या महिन्यानंतर नुसते घेणारे आणि नुसते देणारे वहीत स्पष्ट दिसू लागतात, आणि बोलावण्याची यादी आपोआप सुधारते. व्हॉट्सअॅप ग्रुप याला पर्याय नाही. शंभराच्या वर माणसं गेली की सुप्रभात, वेबिनारच्या जाहिराती आणि एका आमदाराचा वाढदिवस, एवढंच त्यात उरतं.

खर्च चहा आणि मिसळीचा, तो वाटून घ्यावा. प्रायोजक आला की बॅनर येतो आणि बॅनरमागून भाषण. सूत्रं एकाच उत्साही माणसाकडे ठेवू नयेत, तो दीड वर्षात थकतो किंवा पुण्याला जातो. सहा महिन्यांनी दोघांनी दोघांकडे वही, जागेच्या मालकाचा नंबर आणि टूलरूमवाल्यांची यादी सुपूर्द करायची. निमा आणि आयमासारख्या कारखानदारांच्या संघटनांची सभागृहं, संपर्क वापरावेत, पण ही भेट त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत घालू नये. तिथे निवडणुका असतात.

स्पर्धेसाठी तीन लाख जमले असतील तर त्यातले निदान सव्वा लाख अंतिम फेरीनंतरच्या नव्वद दिवसांसाठी बाजूला काढून ठेवावेत: दहा टीमच्या येण्याजाण्याचा, सुट्या भागांचा, एका अर्धवेळ समन्वयकाचा खर्च. समन्वयकाचं काम दर पंधरवड्याला दोन फोन: एक टीमला, एक कारखान्यातल्या त्या नाव लिहिलेल्या माणसाला. दुसरा फोन जास्त महत्त्वाचा, कारण टीमकडून नेहमी 'चाललंय छान' असंच ऐकू येतं. हरलेल्या सगळ्या टीमना चार दिवसांच्या आत एका पानाचा लेखी अभिप्राय जावा, परीक्षकांच्या शब्दांत, सही नसली तरी चालेल. वर्षअखेरीच्या अहवालात किती अर्ज आले आणि किती लोक जमले हे आकडे हवे तर छापावेत. पहिल्या ओळीत मात्र तीन आकडे असावेत: किती चाचण्या पूर्ण झाल्या, त्यातल्या कितींची ऑर्डर निघाली, आणि त्या ऑर्डरींपैकी कितींचे पैसे बँकेत जमा झाले. तिसरा आकडा पहिल्या वर्षी एक किंवा दोन असेल. तो एक किंवा दोनच छापायचा.